सतरा वर्षांच्या पोरात तेवीस वर्षांचा खेळाडू शोधायचा कसा: फुटीच्या ड्राफ्टची पारख

मेलबर्नला आलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कळतं की इथे ‘फुटी’ म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, अंडाकृती मैदान, एका संघाचे अठरा जण मैदानात, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून किक मारून चेंडू काढला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एवढं कळलं की सामना बघता येतो. पण ऑगस्ट उजाडला की ऑफिसात, ट्रेनमध्ये, शाळेच्या फाटकाशी एक वेगळीच चर्चा सुरू होते. यंदाच्या ड्राफ्टमध्ये पहिला कोण, कुणाचा गुडघा गेला, कुठला पोरगा ‘खाली घसरणार’. ही चर्चा नव्या माणसाच्या डोक्यावरून जाते. माझ्याही तीन-चार वर्षं गेली. मग मुलगा ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला, जायला लागला, शनिवारची सकाळ मैदानाच्या कडेला जायला लागली, आणि हळूहळू उलगडा झाला. तो पायरी-पायरीने इथे मांडतो.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते. आयपीएलचा लिलाव आपल्याला पाठ आहे. तिथे पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. दर नोव्हेंबरला एएफएलचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे, अठरा क्लब ओळीने नवे खेळाडू निवडतात, आणि गुणतक्त्यात जो तळाला राहिला त्याची पाळी पहिली. १९८६ पासून ही पद्धत आहे. पोराला क्लब निवडायची मुभा नाही. पर्थच्या पोराला सिडनीने उचललं तर बॅग भरून सिडनी. दरवर्षी साठ-सत्तर जणांचं नशीब उघडतं आणि प्रत्येकाला किमान दोन वर्षांचा करार मिळतो.

आता क्लबाची अडचण बघा. निवडायचा आहे सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, पण तो उपयोगी पडणार तेविसाव्या वर्षी. आज दिसतोय त्याला मार्क द्यायचे नाहीत, पाच वर्षांनी दिसेल त्याचा अंदाज बांधायचा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अंदाजासाठी आहेत.

पहिली पायरी: जन्मतारीख बघा

बैलबाजारात गिऱ्हाईक आधी दात बघतं, तशी इथे आधी जन्मतारीख. ड्राफ्टच्या वर्षात ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हायला हवीत, हा नियम. म्हणजे एकाच यादीत जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघे शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यात जवळजवळ एक वर्षाचं अंतर असतं. या वयात एक वर्ष म्हणजे काय ते आपल्याच घरातल्या मुलांचे जुने फोटो काढून बघा.

त्यामुळे अठराखालच्या सामन्यात एखादा दाढी फुटलेला, भरल्या खांद्यांचा पोरगा चार जणांना अंगावर घेऊन चेंडू काढतो तेव्हा पालक टाळ्या वाजवतात आणि रिक्रूटर, म्हणजे क्लबासाठी पोरं हेरणारा माणूस, वहीत प्रश्नचिन्ह टाकतो. हा आत्ताच पुरुष झालाय. पुढे जेव्हा सगळेच पुरुष असतील तेव्हा याच्याकडे वेगळं काय उरेल? उलट नोव्हेंबर-डिसेंबरचा काडीपैलवान पोरगा मार खाऊनही योग्य जागी पोचत असेल, तर त्याच्यापुढे बरोबरची खूण.

म्हणून तुमची पहिली सवय ही करा: कुणी म्हणालं ‘अमका भारी आहे’, की विचारायचं, महिना कुठला?

दुसरी पायरी: बघायचं कुठे

यात फार गुंता नाही. व्हिक्टोरियात प्रदेशानुसार बारा संघ आहेत आणि त्यांची अठराखालची टॅलेंट लीग चालते. टास्मानियाचा संघही तिच्यात खेळतो. जुने लोक अजून तिला टीएसी कप म्हणतात. पश्चिमेकडे, म्हणजे आपली बरीच मराठी घरं जिथे आहेत त्या टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी भागात, वेस्टर्न जेट्स. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तिथल्या राज्य लीगचे कुमार संघ असतात. मोठ्या खाजगी शाळांची फुटी वेगळी, आणि तिथेही रिक्रूटर कॉलर वर करून उभे दिसतात.

हंगामाच्या मध्याला अठराखालची राष्ट्रीय स्पर्धा होते: व्हिक्टोरिया मेट्रो, व्हिक्टोरिया कंट्री, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि उरलेल्यांचा मिळून अलाइज. इथे पहिल्यांदा चांगल्याची गाठ चांगल्याशी पडते. आपल्या गल्लीत तीस वेळा चेंडू मिळवणारा इथे जेमतेम बारा वेळा हात लावतो तेव्हा क्लबांना खरी माहिती मिळते. सर्वोत्तम खेळाडूला लार्क पदक देतात.

व्हिडिओ सगळ्यांकडे असतात. तरी क्लब माणसं पाठवतात, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि बघायचं असतं ते चेंडू नसतो तिथे.

तिसरी पायरी: चेंडूवरून नजर काढा

ही पायरी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेची. दोन हंगाम मी इथेच अडकलो होतो.

एका ओल्या शनिवारी पश्चिमेच्या एका मैदानावर माझ्याशेजारी एक वयस्कर गृहस्थ उभे होते. हातात स्पायरल वही, वहीवर प्लास्टिकची पिशवी. एका क्लबासाठी शनिवार-रविवार सामने बघायचं काम करत होते. मी उत्साहाने सांगितलं, तो पाच नंबरचा काय खेळतोय! ते म्हणाले, “मी त्याला बघतच नाहीये. मी आज सत्तावीस नंबर बघायला आलोय.” सत्तावीस नंबर मागच्या फळीत उभा होता. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

मग मीही त्या क्वार्टरभर (सामना चार क्वार्टरचा असतो) सत्तावीस नंबर बघितला. चेंडू दूर असताना तो दर काही सेकंदांनी मान वळवून मागे बघत होता, आपला गडी कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे. चेंडू येऊ लागला तसा तो बाकीच्यांआधी दोन पावलं सरकला. चिखलात घसरणारा चेंडू गुडघ्याखाली एका दमात उचलला, चाचपडला नाही. आणि मग गोलासमोरून आडवी किक मारली, जी कुठलाही कोच नको म्हणेल. मध्येच अडवली गेली, प्रतिस्पर्ध्याने सहा गुण काढले.

माझ्या मते त्याचा निकाल लागला होता. गृहस्थ मात्र आता वही उघडून थांबले होते. दहा-एक मिनिटांनी चेंडू पुन्हा त्याच कोपऱ्यात, त्याच पोराच्या हातात. त्याने वर बघितलं आणि तीच आडवी किक मारली. या वेळी पलीकडच्या सवंगड्याच्या थेट छातीवर. गृहस्थांनी एक ओळ लिहिली आणि वही मिटली. ‘किक जमली’ असं लिहिलं असेल का ‘पुन्हा मारायला धजला’ असं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तर तुम्हीही एका क्वार्टरला एकच पोरगा धरा. चेंडू कुठेही जाऊ दे. आणि हे बघा.

चेंडू यायच्या आधी तो मान वळवतो का? चांगल्या खेळाडूकडे वेळ जास्त असल्यासारखं वाटतं, त्याचं निम्मं कारण हे.

पहिल्या स्पर्शात चेंडू हातात बसतो का? इथे याला ‘स्वच्छ हात’ म्हणतात. जमिनीवरचा अंडाकृती चेंडू कुठे उसळेल सांगता येत नाही. एकदा हुकला की अंगावर तीन जण. आपल्या कबड्डीत चढाईला गेलेल्याने पाय अर्ध्या क्षणाने उशिरा काढला की साखळी बसते, तसंच.

दोन्ही पायांनी किक मारतो का? उजव्याच पायाचा असेल तर बचाव करणारे त्याला डावीकडे कोंडतात. मोकळ्यात छान किक सगळ्यांचीच असते. अंगावर माणूस असताना कशी जाते ते मोजा.

चेंडू हुकल्यावर काय करतो? एकदा पडून उठून पुन्हा झेपावतो त्याला ‘दुसरा प्रयत्न’ म्हणतात आणि रिक्रूटरांच्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो. याचीच जुळी गोष्ट म्हणजे मागे धावणं. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की पुढे धावलेला पोरगा परत फिरतो, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? चौथ्या क्वार्टरला बघा, सगळं बाहेर येतं.

आकडे यानंतर. तीस वेळा चेंडू मिळवला हे वाचून हुरळायचं नाही. किती वेळा झटापटीतून स्वतः काढला आणि किती वेळा मोकळ्यात कुणीतरी आणून दिला, हा फरक आकडेवारीत वेगळा मांडलेला असतो. त्या चेंडूचं पुढे काय झालं हे त्याहून महत्त्वाचं. वीस मीटरवरच्या मोकळ्या मित्राला दिलेला सोपा चेंडू आणि चाळीस मीटरवर, दोन जणांच्या मधून दिलेला चेंडू, दोन्ही कागदावर एकेकच.

जागेप्रमाणे वयाचा हिशोबही बदलतो. मधल्या फळीतला खेळाडू अठराव्या वर्षी बराचसा दिसून जातो. दोनशे सेंटीमीटरचा रकमन (चेंडू वर उडवला की उडी मारून तो टोलवणारा) किंवा उंच फॉरवर्ड मात्र आत्ता स्वतःच्याच पायात अडखळत असतो. त्याची हाडं वाढलीत, स्नायू मागून येतायत. अशा पोराचे तीन क्वार्टर वाया जातात आणि एका क्षणी तो सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू खुडून आणतो. क्लब त्या एका क्षणासाठी पाच सामने बघतात.

चौथी पायरी: मोजपट्टी आणि घड्याळ

ऑक्टोबरच्या सुमारास ड्राफ्ट कम्बाइन, म्हणजे शारीरिक चाचण्यांचा मेळावा, भरतो. बोलावणं सगळ्यांना नसतं. जितके जास्त क्लब रस दाखवतील तितकी बोलावण्याची शक्यता. पूर्वी हा कॅनबेराच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत भरायचा, आता मेलबर्नला.

उंची, वजन, हाताची लांबी, पंजाचा विस्तार मोजतात. २० मीटर धाव असते: तीन सेकंदांच्या आत आला तर चांगला, २.९ च्या आत आला तर मुंड्या वळतात. खांबांमधून वळत धावायची चपळाईची चाचणी असते. २ किलोमीटर धाव असते (पूर्वी ती ३ किलोमीटरची होती); हे २ किलोमीटर साडेसहा मिनिटांच्या आत काढणारा पोरगा दमदार समजायचा. उडी दोन प्रकारची, जागेवरून आणि धावत येऊन एका पायावर. एका उंच दांड्यावर फिरत्या पट्ट्या लावलेल्या असतात. उडी मारून जितक्या वरची पट्टी हलवाल, त्यातून उभ्याने हात पोचतो ती उंची वजा. २००८ मध्ये निक नाइटानुईने धावत येऊन १०२ सेंटीमीटरची उडी मारली होती, आणि हा पोरगा उंच रकमन होता. वेस्ट कोस्टने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं.

वर्तमानपत्रं या आकड्यांचे तक्ते छापतात आणि नवा माणूस त्यालाच परीक्षेचा निकाल समजतो. तसं नाही. मैदानावर जे दिसलं ते खरं का, एवढं ताडून बघण्यापुरते हे आकडे. सॅम मिचेल कधीच वेगवान नव्हता. २००१ मध्ये हॉथॉर्नने त्याला ३६ व्या क्रमांकावर घेतलं, २००८ मध्ये तो विजेत्या संघाचा कर्णधार होता आणि पुढे त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. तो धावायचा हळू, पण ठरवायचा लवकर, आणि त्याला दोन्ही पाय सारखे चालायचे.

कम्बाइनमधली खरी परीक्षा तक्त्यात छापत नाहीत: डॉक्टरांची. गुडघा, खांदा, पाठ, जुने एमआरआय. जोएल सेलवूड २००६ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत खाली आला त्याला गुडघ्याची शंका हे मोठं कारण होतं. जिलाँगने त्याला घेतलं, पुढच्याच वर्षी तो विजेत्या संघात खेळला आणि नंतर दहा वर्षांहून जास्त काळ क्लबाचा कर्णधार राहिला. आधीच्या सहा क्लबांच्या लोकांना हे नाव काढलेलं आवडत नसणार.

पाचवी पायरी: घरी येणारे पाहुणे

क्लब पोराच्या मुलाखती घेतात, घरी जातात, शाळेतल्या शिक्षकांना, जुन्या कोचला, कधीकधी आधीच्या संघातल्या पोरांना विचारतात. जवळजवळ स्थळ बघण्याचाच कार्यक्रम. फरक एवढाच की इथे चहा-पोह्यांपेक्षा ‘मागच्या महिन्यात कोचने तुला बाकावर बसवलं तेव्हा तू काय केलंस’ यावर जास्त वेळ जातो.

एक प्रश्न ते तोंडावर विचारोत न विचारोत, मनात असतोच: हा घरापासून लांब टिकेल का? २०२१ मध्ये जेसन हॉर्न-फ्रान्सिस या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोराला नॉर्थ मेलबर्नने पहिल्या क्रमांकावर निवडलं. एका हंगामानंतर तो परत ॲडलेडला, पोर्ट ॲडलेडकडे गेला. पहिला क्रमांक हातचा जाणं म्हणजे काय, ते सगळ्या क्लबांनी बघून ठेवलंय.

मराठी पालकांना एक आगाऊ सल्ला. आपल्याला सवय असते, पोराला प्रश्न विचारला की उत्तर आईने द्यायचं आणि पुरवणी बाबांनी जोडायची. इथे गप्प बसा. पोराने अडखळत दिलेलं स्वतःचं उत्तर आपल्या सफाईदार उत्तरापेक्षा त्यांना हवं असतं. बारावीचे मार्क किती पडतील हेही सांगायला हरकत नाही. अभ्यास आणि खेळ दोन्ही सांभाळणाऱ्या पोराकडे शिस्त असते असं ते धरतात.

सहावी पायरी: फळ्यावरची यादी

नोव्हेंबरात प्रत्येक क्लबाच्या खोलीत एक फळा असतो आणि त्यावर नावांच्या पट्ट्या. त्यावरून भांडणं होतात. आपल्याला उंच बचावपटू हवाय म्हणून तो घ्यायचा, की हातात येणाऱ्यांत जो सर्वोत्तम तो घ्यायचा? वरच्या क्रमांकांवर बहुतेक जण सर्वोत्तम घेतात, गरज खालच्या क्रमांकांवर बघतात. मला हे पटतं, कारण पोरगा तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि तोवर क्लबाची गरज बदललेली असते.

यात काही पोरं आधीच अर्धी बांधलेली असतात. वडील एखाद्या क्लबाकडून शंभर सामने खेळले असतील तर त्या क्लबाचा मुलावर पहिला हक्क. दुसऱ्या क्लबाने त्याच्यावर बोली लावली की वडिलांच्या क्लबाने तेवढ्या किमतीच्या निवडी मोजून द्यायच्या आणि पोरगा घ्यायचा. प्रत्येक क्रमांकाला गुण ठरवून दिलेले आहेत. गॅरी ॲब्लेट धाकटा २००१ मध्ये जिलाँगला ४० व्या क्रमांकावर असा मिळाला, तेव्हा तर हा हिशोब याहून स्वस्त होता. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या चार क्लबांना त्यांच्या अकादमीतल्या पोरांवर असाच हक्क आहे.

आपल्या कामाची गोष्ट याच्या शेजारी आहे. ‘नेक्स्ट जनरेशन अकादमी’ ही ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुटुंबांतल्या आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. क्लबाला ठरावीक भाग नेमून दिलेला असतो आणि त्या भागातली, नियमात बसणारी मुलं त्या क्लबाच्या अकादमीत जाऊ शकतात. २०२० मध्ये पहिल्या क्रमांकाचा जमारा युगल-हेगन वेस्टर्न बुलडॉग्जना याच वाटेने मिळाला. पुण्यात किंवा नाशकात जन्मलेल्या आईबापांचा, मेलबर्नमध्ये वाढलेला मुलगा या दारापर्यंत येऊ शकतो. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा मुलगा तेरा-चौदाचा झाला की आपल्या भागाच्या क्लबाला सरळ ईमेल करून विचारा. मुलींसाठीही, एएफएलची महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून, वेगळा ड्राफ्ट आहे आणि पारखायची रीत जवळपास हीच.

सातवी पायरी: ड्राफ्टनंतरही वही ठेवा

ज्याचं नाव पुकारलं गेलं नाही त्याचं दार बंद होत नाही. उरलेल्यांसाठी रुकी ड्राफ्ट असतो, आणि २०१९ पासून हंगामाच्या मध्यालाही एक ड्राफ्ट होतो. त्याच वर्षी मध्यावर रिचमंडने मार्लियन पिकेटला घेतलं. वय २७, आणि त्याचा पहिला एएफएल सामना थेट अंतिम सामना होता. जिंकलाही. टॉम स्ट्यूअर्टला जिलाँगने तो तेवीस वर्षांचा असताना घेतलं. लॅची नील २०११ मध्ये फ्रीमँटलने ५८ व्या क्रमांकावर उचलला, कारण बुटका. पुढे त्याने दोनदा ब्राउनलो पदक जिंकलं, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू दोनदा.

माझ्याकडे गेल्या काही हंगामांच्या वह्या आहेत. एका हंगामात मी पाच नावांखाली रेघ मारली होती. त्यातले दोघेच ड्राफ्टमध्ये गेले. त्याच वहीत एका नावापुढे मी ‘हळू, वीस मीटरला मागे’ असं लिहून काट मारली होती. ते नाव ड्राफ्टच्या दुसऱ्या संध्याकाळी पुकारलं गेलं. वही पुन्हा चाळली तर काट मारण्याच्या वरच्याच ओळीत माझ्याच अक्षरात होतं: ‘सारखा मागे बघतो. का?’